उणे चिन्हांचा बंदोबस्त

४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
रोजनिशी सुरू. पुढे कोणी विचारलं, हा प्रश्न नेमका कधी सुटला, तर तारीख हाताशी असावी. प्रश्न असा: चौकटींच्या जाळ्यावर इलेक्ट्रॉन उड्या मारतात, एका घरात दोघं आले की भांडतात. अशा गर्दीचं शेवटी होतं काय? विभागात बाजूच्या खोलीत बसणारी बाई म्हणते, ते पट्ट्यापट्ट्यांनी बसतात. मी तिला मनात पट्टेवाली म्हणतो. माझी पद्धत मॉन्टे कार्लो. लाखो वेळा फासे टाकायचे, सरासरी घ्यायची. एप्रिलच्या कॉन्फरन्समध्ये तिचे पट्टे उतरवणार. संकल्प: चिडायचं नाही.

९.४०
चिडलो. क्लस्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक संगणकांवर, पट्टेवालीचे सहा जॉब रांगेत माझ्या पुढे.

११ फेब्रुवारी
काही नमुने अधिक चिन्हाचे येतात, काही उणे चिन्हाचे. एकमेकांना खातात, हाती नुसता गाळ. याला लोक साइन प्रॉब्लेम, चिन्हांचा घोळ, म्हणतात. लोकांना कशाचाही प्रॉब्लेम होतो.

१९ फेब्रुवारी
तोडगा सापडला. उणे नमुने काढूनच टाकले! आलेख कसा लोण्यासारखा. पट्ट्यांचा मागमूस नाही. हौसेने बायकोला दाखवला. ती शाळेत गणित शिकवते. म्हणाली, उणे गाळलंस? मी मुलांचे मार्क कापते यावर. तिला सांगितलं, शाळेचं गणित वेगळं. त्यावर अबोला. तिचा. मी बोलतच होतो.

३ मार्च
पट्टेवाली दारात उभी. म्हणे, सोळा घरांच्या जाळ्याचं नेमकं उत्तर सगळ्यांकडे आहे, त्याच्याशी एकदा ताडून बघा, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, मी सोळा घरांसाठी जन्माला आलेलो नाही. ती 'बरं' म्हणाली. काय ते 'बरं'! दिवसभर डोक्यात घणघणलं.

२२ मार्च
विभागप्रमुखांनी बोलावलं. पुढच्या वर्षी नवं मशीन एकाच गटाला मिळणार, मला की तिला, ते कॉन्फरन्सनंतर ठरेल. निकाल तपासलेत ना, त्यांनी विचारलं. हो म्हटलं. मनातल्या मनात तपासलेच होते.

१४ एप्रिल, दुपारी
भाषण झकास. प्रश्न एकच. पहिल्या रांगेतला एक म्हातारा प्रोफेसर उठला. तुमच्या तक्त्यातली सोळा घरांची ऊर्जा, म्हणाला, शक्य तितक्या कमीत कमी ऊर्जेच्याही खाली आहे, ती कशी? मी म्हटलं, तीच तर माझ्या पद्धतीची ताकद. हॉल हसला. बराच वेळ हसला. पट्टेवाली तेवढी हसली नाही. इतका कुजकेपणा मी कुठे पाहिला नाही.

१७ एप्रिल
मशीन तिला. मीही तिलाच. तिने मला गटात मागून घेतलं म्हणे, कोड चांगला आहे, उणे तेवढे परत घालू या, असं म्हणून. माझीच खुर्ची ओढून तिने तीन ओळी बदलल्या. मला 'चांगला' हा शब्द शिवीसारखा लागला.

२९ एप्रिल
उत्तर आलं. चुकीला वाव हातभर, पण पट्टे दिसतात. फिकट. पट्टेच. ती म्हणाली, तुमच्याच कोडने काढलेत, लेख तुम्हीच लिहायला घ्या. बसलो. पहिली ओळ लेखकांची नावं. तिचं आधी. सहा वर्षं भिंतीला भिंत लागून बसतोय, आणि मला तिचं पूर्ण नाव येईना. ती चहाला गेल्यावर उठलो आणि तिच्या दारावरची पाटी वाचून आलो.