मीठ उडत नाही

बाबा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुमच्या फोटोखालच्या टेबलावर सध्या काचेची टाकी आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कॉलेज सोडून मासे पाळून राह्यला काय बे?" हो, तेच करत होतो. तिच्यासाठी. ती माझ्या वर्गात होती. तिच्यावरून मी एकाला मारलं, मग रागातच कॉलेज सोडलं, आणि ती पुढं शिकायला नागपूरला गेली. मी समुद्रातला एंजलफिश आणला तेव्हा तो गडद निळा होता, अंगावर पांढरी कडी. मोठा झाला की कडी जाऊन पिवळे पट्टे येतात. ती फोनवर हसली, "पट्टे आले की सांग, पाहाले येईन." मी तेवढ्यावरच जगत होतो. दीड वर्षानं शेपटीजवळ पहिली पिवळी रेघ दिसली.

मग चंद्रपूरचा उन्हाळा. कूलर लावूनही टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं. समुद्राचा मासा, म्हणून मी रोज मिठाचंच पाणी भरत गेलो. त्यानं खाणं सोडलं, कोपऱ्यात धापा टाकू लागला, आणि परवा सकाळी आडवा तरंगत होता. बाटलीत पाणी घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्यानं तपासलं. "वरून साधं पाणी टाकाचं होतं ना भाऊ. पाणी उडते, मीठ थोडीच उडते?" मी त्याच्यावरच ओरडलो, आजारी मासा विकला म्हणालो.

परत येताना धानोऱ्याची आश्रमशाळा आठवली. तुम्ही तिथं स्वयंपाकी, मी दहा वर्षांचा, सुट्टीत आलेला. तुम्ही लाकडं आणायला गेला आहात, चुलीवर डाळ आटली आहे, आणि मी शहाणपणानं पाणी ओतून वर दोन मुठी मीठ टाकतो. तुम्ही चव घेता, सगळ्या पोरांसमोर ओरडता, "काऊन टाकलं मीठ? पाणी आटलं होतं, मीठ नाई!" मग आणखी डाळ शिजवून तुम्ही त्यात घातली आणि पहिली वाटी मला दिली. मी ती ढकलली.

काल तिचा फोन आला. "पट्टे आले काय रे?" मी म्हणालो, "येऊन राह्यले." रिकाम्या टाकीतला पंप अजून चालूच आहे. तिला खरं सांगवत नाही, दुकानदाराकडे जाववत नाही. तुम्हाला तेवढं सांगतो. हा कागद फोटोमागे राहील. आणि बाबा, त्या दिवशी तुम्ही भांडी घासायला गेल्यावर मी ती वाटी चाटूनपुसून खाल्ली होती.