तीन, मग दोन

३ मार्च १९७५
गाणं झालं. तीन मिनिटं, एका दमात. फंकचा बेस, आमचे कोंगा ढोल, वर माझा रडका आवाज. लाकडी काड्यांवर मास्तर तोरिबियो – तीन ठोके, मग दोन, तीन, मग दोन. वय एकाहत्तर, आयुष्यातली पहिली रेकॉर्ड. बर्फाचे गोळे विकायचो तेव्हा ताल ह्यांनीच शिकवला. चुकलो की टपली.
कंपनीचे फेल्डरसाहेब म्हणाले, "छान. पण डिस्कोत लोक सात मिनिटं नाचतात." आमच्या एकशे सोळाव्या रस्त्यावर उजाडेपर्यंत नाचतात. पण साहेब पडले तज्ज्ञ.

५ मार्च
साहेबांनी टेप पातीनं कापली, तेच तुकडे पुन्हा पुन्हा चिकटवले. झाली सात मिनिटं. शिंपीच व्हायचे, चुकून संगीतात आले. चौथ्या मिनिटाला एक तुकडा अर्धाच जोडलाय. तीन ठोके – आणि परत तीन. ऐकणाऱ्याला वाटावं, मास्तरांचा हात घसरला. आमच्यात मोडलेलं लग्न माफ असतं, हा क्रम मोडलेला नाही.
"चेमो, कुणाला कळणार आहे?"
"आमच्या वस्तीत मांजरांनाही कळेल, साहेब."
"मग नीट करू. रेकॉर्ड पुढच्या वर्षी काढू. बघू."

७ मार्च
रेकॉर्ड आहे तशीच काढायला सही केली.
घरी मिग्दालियानं विचारलं, "मास्तरांना सांगितलंस?"
म्हटलं, सांगेन की.
"बायकोला थापा मारताना बरी जीभ चालते तुझी."

१२ एप्रिल
पेपरात मी नव्या संगीताचा जनक. बाळंतपण टेपवर झालं, हे छापलेलं नाही.
न्हाव्याकडे गाणं लागलं. चौथ्या मिनिटाला वस्तरा माझ्या गळ्याशी थांबला. "म्हातारा चुकला की रे." तेव्हा बोलायला हवं होतं. मी बेसबॉलचा विषय काढला.

१९ एप्रिल
मास्तर तालमीला आले नाहीत. मुलीबरोबर निरोप – "ऐकलं. हात गेला माझा. दुसरा कुणी बघ."

२० एप्रिल
घरी गेलो. सगळं सांगितलं – पाती, अर्धा तुकडा, माझी सही. एकही विनोद केला नाही.
मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझा गाल थोपटला. "म्हाताऱ्याचं मन राखायला किती रचून आणलंस रे, पोरा. बस, कॉफी घे."