खुणेची परवानगी

आबा, पन्नाशी जवळ आली तरी तुमची लेक पुन्हा शिकायला लागली आहे. कला आणि डिझाइनमध्ये संशोधन करून मास्टर्सची पदवी घ्यायची, असं डोक्यात घेतलंय. "लई झालं शिकणं, बास आता," असं तुम्ही म्हणाला असता. या पदवीला नुसती चित्रं काढून भागत नाही. आधी एक प्रश्न मांडायचा, त्यावर स्वतःचं नवं काम करायचं, त्याचं प्रदर्शन भरवायचं, सोबत प्रबंध लिहायचा आणि परीक्षक विचारतील त्याला उत्तरं द्यायची. माजलगावच्या शाळेत पोरांना चित्रकला शिकवून घरी आले की मी प्रबंधाला बसते. विषय आपल्याच लोकांचा आहे, मेंढरांच्या पाठीवर काढायच्या खुणा. घोडं अडलं ते वेगळ्याच अटीवर. दुसऱ्याची कला आपल्या कामात घ्यायची तर त्याची लेखी परवानगी लागते. बाकीच्या घरांनी दिली. तुम्ही तर गेलात, तुमची कोण देणार? आणि आपल्या घरचीच खूण नसेल तर मला त्या पदवीचं काही कौतुक नाही.

मला अजून दिसतं, मी लहान आहे आणि तलवाड्याच्या रानात आपला मुक्काम आहे. लोकर कातरून झालीय आणि तुम्ही बाभळीच्या काडीला चिंधी गुंडाळून गेरूत बुडवताय. आपली खूण म्हणजे एक आडवी रेघ, खाली दोन ठिपके. मी एका मेंढीवर तिसरा ठिपका दिला, बरा दिसतो म्हणून. तीन ठिपके ही चुलत्याची खूण. त्याला हसू आवरेना. "तुझ्या पोरीनं मला मेंढी आंदण दिली की." मला वाटलं तुम्ही ठिपका पुसाल. तुम्ही मेंढी सरळ त्याच्या कळपात हाकलली. "खूण पडली, मेंढी त्याची. ही नक्षी न्हाई." मी दिवसभर रडले. भाकरी खाताना विचारलं, "मग माझी खूण कोणती?" तर तुम्ही म्हणालात, "पोरीला खूण नसती. सासरी जाशील, तिथली खूण ती तुझी." त्यात राग नव्हता, पाणी दे म्हणावं तसं म्हणालात. तेव्हा मला ते पटलंही. आता त्याचा राग येतो. सासरी निघाला नुसता ऊस, मेंढरू औषधालाही नाही.

मागच्या महिन्यात चुलत्याकडे जाऊन आले. त्याला आता नीट दिसत नाही. "तात्या, आबांची खूण घेऊ का माझ्या कामात?" म्हटलं. "माझी घे की. त्याची मी कशी देऊ? त्यालाच इचार." विचारते म्हणाले आणि निघाले. भावानं तर कळप केव्हाच विकला, कारखान्याच्या उसावर ट्रॅक्टर चालवतो. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की माणूस गेलेला असेल तर एका वारसाची सही चालते. भाऊ म्हणाला, "आन कागद, करतो सही. त्यात काय हाय एवढं?" कागद घेऊन मी त्याच्या दारापर्यंत गेले आणि तशीच माघारी आले. सातबाऱ्यावर तुमच्या मागं दोघांची नावं लागली आहेत, त्यातलं एक माझं. मीही वारसच की.

वारस म्हणून मी माझंच नाव लिहिलं, खाली माझी सही केली आणि कागद बाईंकडे दिला. हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. तुम्हाला विचारूनच खूण घ्यायची, असं मी तात्याला कबूल केलं होतं. पण तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून सही आधी केली आणि मग हे लिहायला बसले.