सरकारी इमारत

प्रिय डेल्फी,

मी ठणठणीत आहे. खोकलाही जवळजवळ गेला. पगार वेळेवर होतो. तुझ्या आईला सांग, जावई सरकारी इमारती बांधतो. केवढ्या, ते सांगू नकोस.

मंदीत बेकार झालेल्यांना सरकारने काढलेलं हे काम, डोंगरातल्या घरांना आम्ही संडास बांधून देतो. रस्त्यावरून मोटारी जातात, आतले ओरडतात, "फावड्याला टेकून झोपलात काय रे?" सुरुवातीला मान वर होत नव्हती.

काल मात्र गंमत झाली. मागच्या महिन्यात टॅकेट आजींना बांधून दिलेला संडास बघायला गेलो. दार उघडलं, तर आत खारवलेलं मांस टांगलेलं! आजी स्वतः अजून मागच्या जुन्या खोपटातच संडासला जातात.

"अहो आजी, हे काय?"

"मग? खाली सिमेंट, आत माशी शिरत नाही. इतक्या चांगल्या जागेत कुणी घाण करतं का? माझ्या घराचं दार तरी असं लागतं का?"

सगळे पोट धरून हसले. मी ते दार पुन्हा एकदा लावून पाहिलं. आपल्या चर्चचं दार मी केलं होतं ना, अगदी तसं लागलं, आवाज न करता. मंदीत दोन वर्षं रिकामे बसलेले हात काही विसरले नव्हते गं.

आपल्या रूबीला जुने बूट होतात अजून? लाकडं कोण फोडून देतं?

आपलं स्वयंपाकघराचं दार दोन वर्षं जमिनीला घासतंय. मी, सुतार, समोर बसून बघत होतो, आणि तू एकदाही बोलली नाहीस. त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. नाताळला मी येतोय.

पोटभर जेवणारा, तुझाच
होबार्ट