माझाबी तसाच बरा झाला

नागपूर, मंगळवार, मार्च १९५४

आज दुपारी धाकट्या जावेच्या, सुमनच्या, पायाच्या अंगठ्यावर वरवंटा पडला. भाऊजी कामावरून धावत आले आणि तिचा पाय मांडीवर घेऊन बसले. सगळ्यांसमोर! मागच्या वर्षी माझ्या अंगठ्यावर हातमागाचं लाकूड पडलं, तेव्हा आमच्या यांनी एवढंच विचारलं होतं, "सैपाक होईन ना?"

"वहिनी, दवाखान्यात न्या लागते काय?" भाऊजींनी मलाच विचारलं. माझ्यावर तेच बेतलेलं ना! सुमनचं नख काळंनिळं, अंगठा वाकडा झालेला. दिसत होतं मला. तरी मी म्हणाले, "काहून? हळद बांधा. माझाबी तसाच बरा झाला."

खोटं. माझा अंगठा अजून वाकत नाही.

मी हळद बांधायला बसले तर सुमन म्हणाली, "बाई, तुमी आहा म्हणून मले भेव नाही वाटून राहिलं." मग माझ्याच्यानं राहवेना. "भाऊजी, रिक्षा आना. हाड मोडलं वाटते."

मोडलंच होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. अंगठा वाचेल म्हणे. बरं झालं, मनापासून लिहिते आहे. पण भाऊजींनी तिला उचलून रिक्षात बसवलं, ते काही बघवलं नाही. मी आत जाऊन विझलेली चूल फुंकत बसले.