बिनउंबऱ्याचा बंगला

१२ नोव्हेंबर १८९४, सोमवार

आजपासून डायरी. रेल्वेच्या इंजिनेर साहेबाची बदली झाली. जाताना त्याने ही कोरी डायरी टाकून दिली, मी उचलली. साहेब रोज लिहायचा. मीही रोज लिहिणार, एक दिवस चुकवणार नाही.

मुख्य ठराव: भिसेगावच्या आपल्या माळावर बंगला बांधायचा. घर नव्हे, बंगला. जुनं घर वाटणीत धाकट्या भावाकडे गेलं, शिमग्याला ते मोकळं करून द्यायचं आहे. मुलाचं, वाल्मिकचं, लग्न वैशाखात. मुलगी खालापूरची, शकू नावाची. व्याह्यांनी परवा चारचौघांत विचारलं, "मुकादम, आमच्या पोरीनं पाय ठेवायचा कुठं?" मी म्हणालो, बंगल्यात. सगळे गप्प झाले. म्हणजे छाप पडली. आता शब्द दिलाय. वैशाखात सून बंगल्यात शिरली नाही तर खालापूरपर्यंत नाक कापलं जाईल.

१७ नोव्हेंबर

मधले दिवस कामाच्या गर्दीत लिहायचे राहिले. चालायचंच.

साहेबाचा बंगला रिकामा पडलाय. चौकीदार ओळखीचा. आत जाऊन दोरीने सगळं मोजून काढलं आणि हुबेहूब प्लॅन केला. पुढे व्हरांडा, मग ड्रॉइंगरूम, दोन बेडरूम, एक बाथरूम. मागे आंब्याखाली एक धुरकटलेली खोली होती. तिथे बटलर काहीतरी शिजवत असे. ती मोजली नाही. तिचा बंगल्याशी काय संबंध?

संध्याकाळी प्लॅन बायकोला, जयवंताला दाखवला. तिने कागद उलटा धरला, मला हसू आलं. मग बोट सगळ्या खोल्यांवरून फिरवलं आणि एकच विचारलं, "चूल कुठं हाय?" बायकांची नजर किती लहान गोष्टींवर जाते! चूल वगैरे फिनिशिंगमध्ये येतं, असं शांतपणे समजावलं. तिने गोठ्याचंही विचारलं. साहेबाकडे म्हैस नव्हती, त्यामुळे प्लॅनमध्ये गोठा नाही. तिने कागद सरळ करून परत दिला.

३ डिसेंबर

पाया भरला. नारळ मी फोडला, कुजका निघाला. दुसरा फोडला.

मजुरांच्या भाकऱ्यांसाठी जयवंताला मागच्या अंगाला खोप हवी म्हणे. कुडाच्या भिंती, वर पेंढा. परवानगी दिली, पण अट घातली: बंगला पुरा झाला की खोप पाडायची. ती म्हणाली, "बरं." नोंद असावी.

२१ डिसेंबर

गोमा सुतार फार जुन्या वळणाचा. चौकटी करायला बसला आणि विचारतो, उंबऱ्याला सागाची फळी काढू ना? मी म्हणालो, उंबरा नको. साहेबाच्या एकाही दाराला उंबरा नाही. बूट घातलेला माणूस अडखळतो. गोमा पटाशी खाली ठेवून म्हणतो, "मुकादम, आमी उंबऱ्याबिगर घर केलं नाय कवा." म्हणूनच तू अजून भिसेगावात आहेस, असं त्याला सुनावलं. त्यावर तो म्हणाला, "तुमी पन हितंच हाव की." हल्ली कारागीर उलट बोलायला शिकलेत.

फळी बाजूला पडली होती. जयवंता म्हणाली राहू द्या, जळणाला होईल. घेऊन गेली. काटकसरी आहे, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे.

९ जानेवारी १८९५

मंगळुरी कौलं मालगाडीने आली. काचेची तावदानंही आली, त्यातली निम्मी शाबूत. उरलेल्या जागी फळ्या ठोकणार. चांगलंच आहे, जास्त उजेड डोळ्यांना वाईट.

उद्यापासून रोज रात्री बंगल्यातच झोपणार. मालकाची नजर असली की काम सुधारतं.

११ जानेवारी

बंगल्यात थंडी फार. खोपीत झोपलो. तिथूनही नजर ठेवता येते.

मजुरांनी वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती. मडकं नीट भाजलं गेलंय का, हे तपासायला गेलो. तीनदा तपासलं.

६ फेब्रुवारी

सुतारकाम आटोपलं. आता रंग. दारं-खिडक्या हिरव्या, साहेबाच्या होत्या तशा. हिरव्यातही निवड असते, हे इथे कोणाला कळणार? पोपटी लावून पाहिला, दार देवळासारखं दिसलं. शेवाळी लावला, विहिरीसारखं दिसलं. शेवटी दोन्ही मिसळले. हा शोध माझा स्वतःचा. रंगाऱ्यावर विश्वास नसल्याने सगळं मीच रंगवलं. ओल्या दाराला म्हैस अंग घासून गेली. तिची एक बाजू अजून हिरवी आहे आणि गावात लोक तिला बघायला येतात. बंगला बघायलाही येतील.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस महत्त्वाचा. ड्रॉइंगरूमच्या भिंतीत शेगडी बसवली, वर धुराडं. साहेबाच्या मित्राच्या खंडाळ्याच्या बंगल्यात आहे तशी. गवंडी विचारत होता, कर्जतच्या उकाड्यात विस्तव कशाला? त्याला म्हटलं, पेटवायचीच नाही, शोभेची आहे.

जयवंता बराच वेळ तिच्यासमोर उभी होती. मला वाटलं, भारावली. मग म्हणते, "भिंतीत चूल हाय, पन रांधायचं नाय. आनि रांधायचं तिथं चूल नाय. असंच ना?" हो, असंच, म्हणालो. सारांश अचूक होता, पण तिच्या तोंडून तो वाईट वाटला. रात्री जेवण कमी गेलं. तीनच भाकऱ्या.

१२ मार्च

होळी झाली. जुनं घर भावाला मोकळं करून दिलं. बंगल्याचं फिनिशिंग होईपर्यंत चार दिवस खोपीत मुक्काम.

खोपीकडे माझं लक्ष नव्हतं, तेवढ्यात ती वाढलीय. पुढे ओटी आली. जमीन चोपून सारवून अशी केलीय की भात सांडला तर वेचून खावा. कोपऱ्यात कणगी, भिंतीत देवांचा कोनाडा, दारात तुळस. पाडायच्या खोपीला एवढा थाट कशाला, म्हणून विचारलं. "हाय तवर हाय," एवढंच म्हणाली. पाडताना तिलाच त्रास होईल. मी सावध केलं होतं, नोंद असावी.

२७ मार्च, पाडवा

गुढी बंगल्यावर उभारली. पुरणपोळ्या खोपीत झाल्या. ठरवल्याप्रमाणे आजपासून बंगल्यात राहायला गेलो. एकटाच गेलो, बाकीचे मागून येणार होते.

रंगाने खिडक्या चौकटीला चिकटल्यात. एकही उघडेना. आत भट्टी. एक तावदान फोडून हवा घेतली. नंतर खोपीच्या ओटीवर येऊन पडलो, कारण बाहेरून बंगला अधिक चांगला दिसतो.

२१ एप्रिल

लग्नासाठी थोरली बहीण सोनुबाई आली. अक्का विधवा, पण घरातली सगळी रीतभात तिच्याच हाती. तिला बंगला फिरवून दाखवला. शेगडी दाखवली. धुराड्यात कबुतरं दिसली, तीही दाखवली. अक्का प्रत्येक दारात थांबून खाली बघत होती. मग म्हणाली, "भिवा रं, सून माप लवंडणार कशावर?"

तांदळाने भरलेलं माप उंबऱ्यावर ठेवतात, नवी नवरी ते पायाने लवंडून घरात येते. उंबरा नसला की ते राहून जातं, हे मला सुचलं नव्हतं. पण मी डगमगलो नाही. माप टेबलावर ठेवू, म्हणालो. अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटली. "पोरगी टेबलावर पाय घालील व्हय रं?" जयवंतालाही हसू आवरेना. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गोमाला बोलावणं धाडलं, आता उंबरा बसव म्हणून. त्याचा निरोप आला, चौकट उचकटावी लागेल, दार पडेल, भिंत धरील की नाय सांगता येत नाय. राहू दे. दार हिरवं आहे, ते बघून कोण खाली बघतं?

५ मे

आज लिहावंसं वाटत नाही. पण साहेब लिहायचा.

वरात दिवेलागणीला खालापुराहून आली. बैलगाड्या, ताशे, व्याह्यांकडची निम्मी माणसं बंगला बघायलाच आलेली. मी कोट घालून हिरव्या दारात कंदील धरून उभा. वाल्मिक आणि शकू समोर आली. अक्का तांदळाचं माप घेऊन पुढे झाली आणि थांबली. खाली नुसती गुळगुळीत फरशी. तिने माप ठेवलं, ते घसरून कलंडलं. सुनेचा पाय लागायच्या आधीच तांदूळ व्हरांड्यात. ताशे बंद झाले. पोरीने उचललेला पाय पुन्हा मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. अपशकुन झाला असं तिला वाटलं असणार. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात मागून जयवंताची हाक आली, "हितनं ये गं बाय, हितनं!"

वरात वळली. ताशे पुन्हा सुरू झाले आणि सगळी माणसं बंगल्याला वळसा घालून मागे गेली. मी कंदील घेऊन शेवटी पोचलो. खोपीच्या दाराला सागाचा उंबरा होता. गोमाची तीच फळी. हळदीकुंकू लावलेली, दोन्ही बाजूंना रांगोळी. माप पुन्हा भरलं. शकूने ते नेमकं लवंडलं, तांदूळ चुलीपर्यंत गेले आणि सगळ्यांनी हुश्श केलं. जयवंताने ही फळी जळणात घातली नव्हती. ती कधी बसवून घेतली, हे मला कोणी सांगितलं नाही. मी रोज तिच्यावरून ये-जा करत होतो.

जेवताना व्याही माझ्या शेजारी बसले. अगदी प्रेमाने म्हणाले, "बंगला झ्याक हाय, मुकादम. घर मागं बांधलं ते बरं केलं."

१४ मे

सुनेने आज भाकरी वाढता वाढता विचारलं, "मामंजी, बंगल्यात कवा जायाचं?" फिनिशिंग बाकी आहे, म्हणालो. ती म्हणाली, "मग नगं. हितंच बरं हाय." पोर समजूतदार आहे. दुसरी भाकरी न मागता वाढली.

२८ मे

पावसाच्या आधी जळण, पेंढा, गोवऱ्या आत घ्यायला हव्यात. खोपीत जागा नाही. एका बेडरूममध्ये पेंढा रचला, दुसरीत गोवऱ्या. म्हशीचं काय, असं जयवंताने विचारलं नाही. नुसती दावं हातात घेऊन उभी राहिली.

दावं मीच घेतलं. हिरव्या दारातून ड्रॉइंगरूममध्ये नेली, शेगडीजवळ बांधली. उंबरा नसल्यामुळे म्हैस कुठेही न अडखळता आत गेली. प्लॅन चुकला नव्हता.