मान हलली म्हणजे बोली

चि. वासूस, थोरल्या भावाचा आशीर्वाद.

काल एका डुलकीपायी बांगड्याच्या सात टोपल्या माझ्या गळ्यात पडल्या. किनाऱ्यावर लिलाव चालला होता. उभ्या उभ्या माझी मान खाली गेली आणि लिलाव करणाऱ्या बाबलीने ती बोली धरली. मी कुरकुरलो तर म्हणतो, "मान हलली म्हणजे माल तुमचो, शेट. नीज येता तर घराक जावा." सगळे हसले, मीही हसलो.

एका होडीच्या चार होड्या केल्या त्या या कानांच्या जोरावर. इंजिनाच्या आवाजावरून कुणाची होडी येतेय ते मी सांगतो, कधी चुकलो नाही. गणपतीनंतर तू होडी घेऊन गेलास तो परतला नाहीस. तेव्हापासून डोळा लागला की तुझं इंजिन ऐकू येतं.

तुझी वहिनी म्हणते, "डॉक्टरान दिलली निजेची गोळी खावा. बीपी वाढलोहा, एक दिवस गाडी झाडार घालशात." परवा गाडी चालवताना झापड आलीच होती, ते तिला सांगितलं नाही. गोळी मी उशीखाली सरकवतो. मी गाढ निजलो आणि तू आलास, तर होडी ओढायला कोण येईल?

तुझी होडी रेडीच्या किनाऱ्याला रिकामी लागली होती. तिचं इंजिन माझ्या पडवीत पडून आहे.

तुझो दादा,
अनंता